बातमीचा कस कोण लावतो? वाईच्या विश्वकोशापासून मोबाइलवरच्या फॉरवर्डपर्यंत संपादकाचे काम नेमके काय, समजून घ्या

विटा : कोणत्याही मराठी दैनिकाच्या ई-पेपरचे शेवटचे पान उघडा आणि अगदी तळाशी जा. बारीक अक्षरांत एक ओळ दिसेल. मालक, मुद्रक, प्रकाशक, छपाईचे ठिकाण आणि संपादकाचे नाव. अनेक दैनिकांत त्यापुढे कंसात लिहिलेले असते की, पीआरबी कायद्यानुसार वृत्त निवडीची जबाबदारी या व्यक्तीची आहे. ही ओळ बहुतेक वाचक कधीच वाचत नाहीत. मात्र आपण दिवसभर मोबाइलवर जे वाचतो, त्यातल्या बऱ्याच मजकुराखाली अशी एकही ओळ नसते. त्यामुळे तिचा अर्थ समजून घेण्याची वेळ आली आहे.

विकिपीडियाच्या संपादकांवर महाराष्ट्रात गुन्हा दाखल होतो, एका वृत्तसंस्थेचा खटला दिल्ली उच्च न्यायालयात चालतो, एआयने लिहिलेला ज्ञानकोश बाजारात येतो. या सगळ्या बातम्यांत प्रश्न एकच आहे. छापलेल्या किंवा पडद्यावर दिसणाऱ्या शब्दाला जबाबदार कोण?

कायदा संपादक कोणाला म्हणतो?

संपादक म्हणजे उत्तम अग्रलेख लिहिणारा माणूस, असा आपला समज असतो. कायद्याची व्याख्या वेगळी आहे. १८६७ च्या मुद्रणालये व पुस्तके नोंदणी कायद्यानुसार (हाच तो पीआरबी कायदा) वृत्तपत्रात प्रसिद्ध होणाऱ्या मजकुराच्या निवडीवर ज्याचे नियंत्रण असते, तो संपादक. त्याने स्वतः एक ओळही लिहिलेली नसेल तरी चालते. काय छापायचे आणि काय नाही, हा निर्णय त्याचा असतो.

प्रत्येक अंकावर संपादकाचे नाव छापणे या कायद्याने बंधनकारक केले. अंकावर ज्याचे नाव संपादक म्हणून आहे, मजकुराची निवड त्यानेच केली असे न्यायालय गृहीत धरू शकते. आपला संबंध नव्हता हे सिद्ध करण्याचा भार मग त्याच्यावर येतो. सर्वोच्च न्यायालयाने के. एम. मॅथ्यू प्रकरणात स्पष्ट केले की, कायद्याचे हे गृहीतक अंकावर जाहीर केलेल्या 'संपादका'ला लागू होते, 'मुख्य संपादका'ला ते आपोआप लागू होत नाही. मात्र त्याच्याविरुद्ध ठोस आरोप असतील तर त्याच्यावरही खटला चालू शकतो.

१८६७ च्या या कायद्याची जागा आता प्रेस व नियतकालिक नोंदणी कायदा, २०२३ ने घेतली आहे. तो १ मार्च २०२४ पासून लागू झाला. नोंदणीची पद्धत ऑनलाइन झाली. छापील अंकामागे एक नाव असलेली व्यक्ती उभी असली पाहिजे, ही जुनी कल्पना मात्र टिकून आहे.

मग 'प्रसिद्ध झालेल्या मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही' या ओळीचे काय? ही ओळ मतभेदाची सोय करते. लेखकाचे मत आणि संपादकाचे मत वेगळे असू शकते, एवढेच ती सांगते. बदनामीकारक मजकूर छापल्यावर केवळ या ओळीमुळे कोणाची सुटका होत नाही. सहमत नसलो तरी निवड आपली होती, हे संपादकाला नाकारता येत नाही.

बनावट पत्रे आणि १०१ दिवस

निवड चुकली तर काय होते, याचे मराठी पत्रकारितेतील सर्वांत जुने आणि बोलके उदाहरण आपल्या शेजारच्या कोल्हापूरशी जोडलेले आहे.

१८८१ मध्ये 'केसरी' आणि 'मराठा' ही पत्रे सुरू झाली. 'केसरी'चे संपादक होते गोपाळ गणेश आगरकर, तर 'मराठा'ची धुरा बाळ गंगाधर टिळकांकडे होती. कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांचा संस्थानात छळ होत असल्याच्या बातम्या तेव्हा पसरत होत्या. कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर संशय होता. बर्वे यांनी लिहिल्याचे सांगितली जाणारी काही पत्रे या दोन्ही पत्रांच्या संपादकांपर्यंत आली. त्यांच्या आधारे मजकूर प्रसिद्ध झाला. बर्वे यांनी बदनामीचा खटला भरला आणि ती पत्रे बनावट असल्याचे निष्पन्न झाले.

टिळक आणि आगरकर दोघांनाही जुलै १८८२ मध्ये चार महिन्यांची साधी कैद झाली. मुंबईतील डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून दोघे बाहेर आले. आगरकरांनी पुढे या तुरुंगवासावर पुस्तकही लिहिले.

या प्रकरणाकडे आपण सहसा देशभक्तीच्या चष्म्यातून पाहतो. संपादनाच्या नजरेतून पाहिले, तर त्यात तीन गोष्टी दिसतात. हेतू चांगला होता. माहिती खोटी निघाली. आणि किंमत मोजायला दोन नावे असलेली माणसे पुढे होती. 'आम्हाला जसे आले तसे पुढे पाठवले' हा बचाव त्यांना उपलब्ध नव्हता. आज व्हॉट्सॲपवर अनेक मेसेजच्या वर 'जसे आले तसे' असे लिहून माणसे मोकळी होतात. १८८२ मध्ये त्या तीन शब्दांची किंमत १०१ दिवस झाली असती.

वाईत कोश कसा घडला?

विट्याहून कराड आणि साताऱ्यामार्गे वर गेले की वाई लागते. कृष्णाकाठच्या या गावात मराठीतील सर्वांत मोठे संपादकीय काम झाले. तो म्हणजे मराठी विश्वकोश.

महाराष्ट्र राज्य स्थापन झाले त्याच वर्षी, १९ नोव्हेंबर १९६० रोजी, राज्य सरकारने साहित्य संस्कृती मंडळ स्थापन केले. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या काळातील हा निर्णय. मंडळाचे अध्यक्षपद तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्याकडे आले. विश्वकोशाचे काम याच मंडळाकडून सुरू झाले आणि तर्कतीर्थ त्याचे प्रमुख संपादक झाले. १ डिसेंबर १९८० रोजी विश्वकोशासाठी स्वतंत्र निर्मिती मंडळ झाले. २७ मे १९९४ रोजी निधन होईपर्यंत तर्कतीर्थ या कामात होते. त्यांच्यानंतर मे. पुं. रेगे, रा. ग. जाधव, विजया वाड, दिलीप करंबेळकर, राजा दीक्षित आदींनी ही जबाबदारी सांभाळली.

आता काळाचा हिशेब पाहा. कामाचा निर्णय १९६० चा. परिभाषेचा खंड १९७३ मध्ये आला. पहिला खंड १९७६ मध्ये आला. विसावा खंड २०१५ मध्ये. म्हणजे पहिल्या आणि विसाव्या खंडात ३९ वर्षांचे अंतर.

सरकारी काम म्हणून या विलंबावर टीका झाली आणि ती सगळीच चुकीची नव्हती. पण इतकी वर्षे नेमके काय चालले होते, हेही पाहायला हवे. सर्वांत आधी कोणत्या विषयांना नोंद द्यायची, याच्या याद्या करायच्या. मानव्यविद्या आणि विज्ञान-तंत्रविद्या अशा दोन बाजू. एखाद्या नोंदीला दोन ओळी द्यायच्या की दोन पाने, हे ठरवायचे. त्या विषयाचा जाणकार शोधून त्याच्याकडून लेखन करून घ्यायचे. आलेला मजकूर तपासायचा, कापायचा, एका भाषेत आणायचा. एका नोंदीतले विधान दुसऱ्या नोंदीशी भांडत नाही ना, ते पाहायचे. वाचकाला पुढे कुठे जायचे, ते खुणेने दाखवायचे. आणि मराठीत ज्या संकल्पनेला शब्दच नाही, तिच्यासाठी शब्द ठरवायचा. परिभाषेचा खंड पहिल्या खंडाच्या आधी आला, याचे कारण हेच. शब्द ठरल्याशिवाय शंभर लेखकांच्या लेखनात एकवाक्यता येणार कशी?

विश्वकोशाची कोणतीही नोंद उघडली की बहुतेक ठिकाणी शेवटी संदर्भ आणि लेखकाचे नाव सापडते. म्हणजे विधान कोणी केले आणि कशाच्या आधारे केले, या दोन्ही गोष्टी वाचकापुढे खुल्या आहेत. नोंद कोशात घेतल्याची जबाबदारी संपादक मंडळाची. आज हे खंड संकेतस्थळावर मोफत वाचता येतात आणि विषयवार ज्ञानमंडळांच्या मदतीने नव्या नोंदी ऑनलाइन जोडल्या जातात.

एकट्याचा ठसा : केतकरांचा ज्ञानकोश

विश्वकोशाच्या आधी मराठीत दुसरे एक अचाट काम झाले होते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातून पीएच.डी. घेऊन आलेले श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोश हाती घेतला. तेव्हा सरकार पाठीशी नव्हते. केतकरांनी नागपुरात कंपनी काढली, भागभांडवल गोळा केले, आगाऊ वर्गणीदार मिळवले, नंतर काम पुण्यात आणले. १९२० च्या दशकात २३ खंड पूर्ण केले.

या कोशाची रचनाच संपादकाच्या स्वभावाची साक्ष देते. अकारविल्हे नोंदी सुरू होण्याआधी तब्बल पाच प्रस्तावना खंड आहेत. हिंदुस्थान, जग, वेदविद्या यांची मांडणी केतकरांनी आपल्या दृष्टीने केली आणि मगच 'अ'पासून सुरुवात केली. कोशाचा संपादक म्हणजे तटस्थ कारकून, ही समजूत इथे मोडते. काय आधी सांगायचे आणि कशाला किती जागा द्यायची, यातच संपादकाचे मत असते. केतकरांनी ते लपवले नाही, हा त्यांचा प्रामाणिकपणा. पण एकाच माणसाचा ठसा इतका गडद असला की त्याचे पूर्वग्रहही कोशात उतरतात, ही दुसरी बाजू.

ज्ञानकोश दशकभरात पूर्ण झाला, विश्वकोशाला अर्धशतक लागले. एका ध्यास घेतलेल्या माणसाचा वेग आणि मंडळाची सावधगिरी यांतला हा फरक आहे. दोन्हींची किंमत वेगवेगळी असते.

वृत्तपत्राचा संपादक आणि कोशाचा संपादक : फरक काय?

दोघांचे मूळ काम एकच. आलेल्यातून निवडणे, तपासणे आणि नको ते थांबवणे. फरक वेळेचा आहे.

कोशाच्या संपादकाला विचारायचे असते की, हे विधान वीस वर्षांनीही टिकेल का. वृत्तपत्राच्या संपादकापुढचा प्रश्न असतो की, रात्री पान सुटण्याच्या वेळेपर्यंत जेवढे कळले, त्यातले ठामपणे काय म्हणता येईल.

चूक सुधारण्याची सोयही वेगळी. वृत्तपत्राला दुसऱ्या दिवशी खुलासा छापता येतो, जरी चुकीची बातमी पहिल्या पानावर आणि खुलासा आतल्या कोपऱ्यात असा जुना रिवाज असला तरी. छापील कोशाला पुढच्या आवृत्तीपर्यंत थांबावे लागते. २४ ऑगस्ट २००६ रोजी प्लूटोला ग्रहांच्या यादीतून वगळले गेले. त्याआधी छापलेल्या सगळ्या कोशांत तो नववा ग्रहच राहिला. ही संपादकाची चूक म्हणता येत नाही. तो कागदाच्या माध्यमाचा स्वभाव आहे.

वृत्तपत्रात हे काम एकटा संपादक करत नाही. तालुक्याचा वार्ताहर बातमी पाठवतो. डेस्कवरचा उपसंपादक ती वाचतो आणि फोन करून विचारतो : दुसऱ्या बाजूचे म्हणणे घेतले का? आकडा कुठून आला? पोलिसांनी गुन्हा नोंदवला आहे की फक्त अर्ज आला आहे? नंतर वृत्तसंपादक पाहतो. मुद्रितशोधक नावे आणि शुद्धलेखन पाहतो. विट्यातल्या यंत्रमागावर काम केलेल्यांना हे लगेच कळेल. आडवा धागा तुटला की माग थांबवणारी सोय यंत्रात असते. माग थांबतो तेव्हा उत्पादन बुडते, पण तसाच चालू राहिला तर कापडाचे पूर्ण थान खराब होते. डेस्कवरचा प्रत्येक प्रश्न हा असा माग थांबवण्याचा क्षण असतो.

संपादक चुकत नाहीत का? दार बंद करत नाहीत का?

दोन्ही करतात. संपादकाच्या हातात 'नाही' म्हणण्याचा अधिकार असतो. तो खोट्या बातमीला थांबवतो तसा खऱ्या आवाजालाही थांबवू शकतो. मराठी पत्रकारितेचा इतिहास याची साक्ष देतो.

बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजी निघाले. त्यानंतर अनेक दशके संपादकाच्या खुर्च्या ठरावीक वर्गाकडेच राहिल्या. शेतकरी आणि बहुजनांचे प्रश्न मांडण्यासाठी कृष्णराव भालेकरांना १८७७ मध्ये 'दीनबंधू' काढावे लागले. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच 'दीनबंधू'चे संपादन तानूबाई बिर्जे यांनी केले. तेव्हा संपादकाच्या खुर्चीवर स्त्री ही कल्पनाच नवी होती. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'मूकनायक' सुरू केले. ज्यांना इतर पत्रांत जागा मिळत नव्हती, त्यांच्यासाठी वेगळे पत्र लागले. बाबासाहेब तेव्हा सरकारी महाविद्यालयात प्राध्यापक असल्याने अंकावर संपादक म्हणून नाव होते पांडुरंग नंदराम भटकर यांचे.

यातून दिसते की, उपेक्षितांनी संपादक ही व्यवस्था फेकून दिली नाही. त्यांनी स्वतःचे संपादक उभे केले. बंद दाराला उत्तर म्हणून त्यांनी आपले दार बांधले आणि त्यावर नावाची पाटी लावली.

विकिपीडियावर 'संपादक' म्हणजे कोण?

इथे शब्दाचा घोळ होतो. विकिपीडियावर लेखात बदल करणाऱ्या कोणालाही 'एडिटर' म्हणतात. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे. तिथे तुम्हीही लेखात बदल करू शकता. पण कायद्याच्या जुन्या व्याख्येतला, एकूण निवडीवर नियंत्रण असलेला एक माणूस तिथे नसतो. लिहिणारे अनेक, तपासणारे अनेक, प्रत्येक बदलाची नोंद कायम. लिहिणारा बहुतेक वेळा टोपणनावाने वावरतो.

ही पद्धत वाटते तेवढी कच्ची नाही. 'नेचर' या विज्ञान नियतकालिकाने २००५ मध्ये विज्ञानविषयक ४२ लेखांची तुलना केली. विकिपीडियाच्या लेखात सरासरी चार चुका आढळल्या आणि एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाच्या लेखात तीन. ब्रिटानिकाने या पाहणीच्या पद्धतीवर जोरदार आक्षेप घेतला. तरी अंतर लोकांना वाटले होते त्यापेक्षा कमी निघाले. पुढे २०१२ मध्ये ब्रिटानिकाने छापील आवृत्ती बंद केल्याचे जाहीर केले. १७६८ मध्ये एडिंबरोत सुरू झालेली कागदावरची परंपरा २०१० च्या ३२ खंडांवर थांबली.

अडचण येते ती वादाच्या वेळी. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'छावा' चित्रपटानंतर छत्रपती संभाजी महाराजांवरील विकिपीडियाच्या लेखातील मजकुरावरून राज्यात संताप उसळला. महाराष्ट्र सायबरने विकिमीडिया फाउंडेशनला मजकूर काढण्याची नोटीस दिली आणि नंतर काही संपादकांविरुद्ध गुन्हाही नोंदवला. त्याआधी जुलै २०२४ मध्ये एएनआय या वृत्तसंस्थेने आपल्याविषयीच्या लेखावरून दिल्ली उच्च न्यायालयात दोन कोटी रुपयांच्या भरपाईचा दावा केला होता. लेखात बदल करणाऱ्या तिघांची माहिती द्या, असे न्यायालयाने विकिमीडियाला सांगितले. या खटल्यावरच विकिपीडियावर तयार झालेले पान काढण्याचा आदेशही न्यायालयाने दिला. सर्वोच्च न्यायालयाने ९ मे २०२५ रोजी तो आदेश रद्द केला.

दोन्ही प्रकरणांत पेच सारखा आहे. आम्ही फक्त मंच पुरवतो, मजकूर आमचा नाही, असे संस्था म्हणते. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ७९ अशा मंचांना अटींवर संरक्षण देते. लिहिणारा स्वयंसेवक असतो आणि तो नावानिशी पुढे आला तर त्याच्यावर दबाव येऊ शकतो, ही भीतीही खरी आहे. मग ज्याची बदनामी झाली, त्याने दाद कोणाकडे मागायची? छापील अंकाच्या शेवटच्या पानावरची ती ओळ या प्रश्नाचे उत्तर होती. इथे ती ओळ नाही.

आणि संपादक मशीनच असेल तर?

ऑक्टोबर २०२५ मध्ये इलॉन मस्क यांच्या एक्सएआय कंपनीने 'ग्रोकिपीडिया' सुरू केला. एआयने तयार केलेल्या लाखो लेखांचा हा ऑनलाइन ज्ञानकोश. वाईत ५५ वर्षे लागली, तिथे मजकुराचा डोंगर काही महिन्यांत उभा राहिला. मात्र एआयचे भाषा मॉडेल पुढचा शब्द कोणता असण्याची शक्यता जास्त, यावर वाक्य बांधते. वाक्य सफाईदार असणे आणि खरे असणे यात त्याच्या दृष्टीने आपोआप फरक पडत नाही. तो फरक बाहेरून कोणीतरी तपासावा लागतो.

न तपासल्यास काय होते, याची दोन उदाहरणे अलीकडचीच आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये ॲपलच्या फोनमधील एआयने बीबीसीच्या बातम्यांचा सारांश करताना एका खून खटल्यातील आरोपीने स्वतःला गोळी मारून घेतल्याचे नोटिफिकेशन दाखवले. असे काही घडलेच नव्हते आणि बीबीसीने तसे म्हटलेही नव्हते. तक्रारींनंतर जानेवारी २०२५ मध्ये ॲपलने बातम्यांसाठीची ही सोय थांबवली. मे २०२५ मध्ये अमेरिकेतील 'शिकागो सन-टाइम्स'च्या पुरवणीत उन्हाळ्यात वाचण्याजोग्या १५ पुस्तकांची यादी आली. त्यातली दहा पुस्तके अस्तित्वातच नव्हती. यादी एआयच्या मदतीने बाहेरून तयार होऊन आली होती आणि छापण्यापूर्वी कोणी ती तपासली नव्हती. डेस्कवरच्या एका माणसाने दोन नावे शोधून पाहिली असती तरी ती थांबली असती.

संपादक नसल्याची किंमत : लवंगा आणि राईनपाडा

हे सगळे दूरच्या वाचकांचे प्रश्न वाटत असतील, तर आपल्या जिल्ह्याकडे या. १३ सप्टेंबर २०२२ रोजी जत तालुक्यातील लवंगा गावात उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने मारहाण केली. ते पंढरपूरच्या दिशेने निघाले होते. मुले पळवणाऱ्यांच्या अफवा तेव्हा मोबाइलवरून फिरत होत्या. मारहाणीचा व्हिडिओ व्हायरल झाल्यावर पोलिसांनी कारवाई केली. ते चौघे वाचले.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे तसे झाले नाही. भिक्षा मागायला गेलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना अशाच अफवेतून जमावाने ठार मारले. त्यातले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातले होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच चॅटना मेसेज फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली.

या मर्यादेमुळे वेग कमी झाला, पण खरे-खोटे तपासले गेले नाही. पाच वेळा फॉरवर्ड झालेले खोटे खोटेच राहते. हाच मेसेज एखाद्या तालुका वार्ताहराने बातमी म्हणून पाठवला असता, तर डेस्कवरून पहिला प्रश्न आला असता : कोणत्या पोलीस ठाण्यात तक्रार आहे? उत्तर मिळाले नसते आणि बातमी तिथेच पडली असती. न छापलेल्या अशा बातम्यांची मोजदाद कोणीच करत नाही. पण संपादकाचे खरे काम बहुतेक तिथेच झालेले असते.

विट्यासाठी याला आणखी एक पदर आहे. खानापूर आणि आटपाडी तालुक्यांतील हजारो कुटुंबे सोने-चांदीच्या गलाई व्यवसायानिमित्त देशभर पसरली आहेत. गावाकडची खबर त्यांना ग्रुपवरून कळते. इथे उठलेली वावडी काही मिनिटांत दुसऱ्या राज्यातल्या गलाई दुकानापर्यंत जाते. ती खोटी निघाली तरी खुलासा त्याच वेगाने जात नाही. सोन्याचा कस लावल्याशिवाय पैसे न मोजणारी ही माणसे मोबाइलवरचा शब्द मात्र कस न लावता स्वीकारतात, हा विरोधाभास आहे.

डिजिटल बातमीसाठी नियम आहेत का?

आहेत, पण चित्र अर्धवट आहे. फेब्रुवारी २०२१ मधील माहिती तंत्रज्ञान नियमांनी डिजिटल बातमी प्रकाशकांसाठी आचारसंहिता आणि तक्रारींची त्रिस्तरीय रचना आणली. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आचारसंहिता पाळणे बंधनकारक करणाऱ्या तरतुदींना स्थगिती दिली.

२०२३ मध्ये केंद्र सरकारने आपल्या कामाविषयीचा मजकूर 'खोटा' ठरवण्यासाठी तथ्य तपासणी कक्षाची तरतूद केली. जानेवारी २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत यावर मतभेद झाले. तिसऱ्या न्यायमूर्तींच्या मतानंतर सप्टेंबर २०२४ मध्ये ही दुरुस्ती रद्द ठरली. सरकारच्या कामाविषयी काय खरे, हे सरकारनेच ठरवायचे असेल, तर तो बातमीतील एक पक्षकारच संपादकाच्या खुर्चीत बसल्यासारखा होतो.

छापील दैनिकाबाबत तक्रार असेल तर आधी संपादकाला लेखी कळवायचे आणि समाधान झाले नाही तर भारतीय प्रेस परिषदेकडे जायचे, असा मार्ग आहे. दैनिक आणि साप्ताहिकासाठी ही तक्रार प्रसिद्धीपासून दोन महिन्यांत करावी लागते. परिषद समज देऊ शकते, ताशेरे ओढू शकते, दंड करू शकत नाही. बदनामीसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६ आहे. ते छापील आणि डिजिटल दोन्हींना लागू होते, अगदी तुमच्या पोस्टलाही.

वाचक म्हणून काय पाहायचे?

▪ नाव : मजकुराखाली लेखकाचे, संस्थेचे किंवा संपादकाचे नाव आणि संपर्क आहे का? नसेल तर चूक निघाल्यावर जाब विचारायला कोणी नाही, हे गृहीत धरा.

▪ आधार : विधान कशावरून केले? कागदपत्र, अधिकाऱ्याचे नाव, गुन्ह्याची नोंद, यांपैकी काही दिलेले आहे का?

▪ दुसरी बाजू : ज्याच्यावर आरोप आहे त्याचे म्हणणे दिले आहे का? 'प्रतिक्रिया मिळू शकली नाही' एवढी ओळ तरी?

▪ दुरुस्ती : मजकुरात नंतर बदल केला असेल तर तसे स्पष्ट लिहिले आहे का, की गुपचूप शीर्षक बदलले?

▪ तारीख : जुना व्हिडिओ, जुने कात्रण नव्याने फिरत नाही ना?

▪ फॉरवर्ड : पुढे पाठवण्याआधी स्वतःला विचारा, याखाली माझे नाव छापले असते तर मी हे पाठवले असते का?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. छापील युगात निवडीचा अधिकार थोड्यांकडे होता आणि जबाबदारीही त्यांचीच होती. मोबाइलने निवडीचा अधिकार प्रत्येकाला दिला. जबाबदारी मात्र वाटली गेली नाही, ती वाटेत कुठेतरी गळून पडली. कोल्हापूर प्रकरणात ती दोन संपादकांच्या नावावर होती, वाईच्या विश्वकोशात ती संपादक मंडळाच्या नावावर आहे. लवंगाच्या अफवेवर कोणाचेच नाव नव्हते, म्हणून तिची किंमत रस्त्याने जाणाऱ्या चार अनोळखी माणसांनी मोजली.